पाकीटताईंवरचा आळ

पाकीटताईंना घरी बसवलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी म्हणायचं, बाई किती साळसूदपणे दुसऱ्याची गोष्ट सांगतेय. साळसूद मी नाही. मी संशयी आहे. नवऱ्याने न मागता चहा करून दिला तर माझा पहिला प्रश्न, "काय फोडलंस?" भाजीवाला हसून बोलला की मी पिशवीच्या तळातले टोमॅटो आधी तपासते. आईच्या मते हा स्वभाव मला आत्याकडून आला, आत्याच्या मते आईकडून.

मी रक्त काढते. एका लॅबमध्ये, चौदा वर्षं. लोक मला सुईवाली म्हणतात, आणि सुई टोचल्यावर जे म्हणतात ते वेगळंच. लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या चार खोल्या. पहिलीत बाकं, दुसरीत मी, तिसरीत यंत्रं, चौथीत डॉक्टर. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीच्या मध्ये, जिथे खरं तर कपाट असायला हवं होतं, तिथे एक काउंटर, एक संगणक, एक प्रिंटर, डिंकाची बाटली आणि पाकीटताई.

रिपोर्ट छापून बाहेर आला की ताई तो छापील बाजू स्वतःच्या पोटाकडे करून धरायच्या. तीन घड्या, पाकीट, डिंक. मग शिक्का, तोही निम्मा झाकणावर आणि निम्मा पाकिटावर, आणि त्यावरून आडवी सही. पाकीट ज्याचं रक्त त्याच्याच हातात. नवरा आला, म्हणाला बायकोचं द्या, नाही. आई आली, म्हणाली पोराचं द्या, पोरगा पंचवीस वर्षांचा, नाही. एकदा एकजण छाती काढून म्हणाला, "मी तिचा सख्खा भाऊ आहे, शिवाय वकील आहे." ताई म्हणाल्या, "मग तर मुळीच नाही." बाकांवरची माणसं खो खो हसली, ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा नंबर घेतला.

हे डिंकाचं वेड कुठून आलं ते मला झाडूवाल्या मावशींनी सांगितलं होतं. ताई इथे लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि तोंडात तीळ भिजत नव्हता. एक बाई रिपोर्ट न्यायला आली. ताईंनी कागद वाचला आणि काउंटरवरूनच मोठ्याने म्हणाल्या, "अभिनंदन हो! गोड बातमी आहे!" त्या बाईचा नवरा मागच्या बाकावर बसला होता. तो वर्षभर परगावी कामाला होता आणि आदल्या आठवड्यातच परतला होता. तो उठला, बायकोचा दंड धरला आणि तिला घेऊन गेला. ती बाई पुन्हा कुणाला दिसली नाही. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी येताना डिंकाची बाटली आणि पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्याला तीस वर्षं झाली.

कुणाचंही मन हेलावेल असं ऐकून. माझ्या मनात काय आलं सांगू? जिचं तोंड एकदा सुटलं, तिचं पुन्हा सुटायला किती वेळ?

आता त्या संगणकाबद्दल. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रिपोर्ट बनवायचा एक प्रोग्रॅम घेतला. तो ब्राउझरमध्ये उघडायचा, म्हणजे आपण ज्यातून इंटरनेटवर बातम्या वाचतो, वस्तू मागवतो, त्यातच. प्रोग्रॅमवाली कंपनी दोन वर्षांत बंद पडली. पुढे एके दिवशी ब्राउझर आपोआप अपडेट झाला आणि त्या नव्या ब्राउझरमध्ये आमचा प्रोग्रॅम उघडेचना. नुसतं पांढरं पान. साठ माणसं बाकांवर खोळंबली, एकाने रागाच्या भरात दारातली कुंडी फोडली. डॉक्टरांनी कुणाला तरी बोलावून जुना ब्राउझर परत बसवून घेतला आणि सगळ्यांना बजावलं, "चालतंय ना? मग याला कुणी हात लावायचा नाही."

तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर एक चौकोन यायचा. तुमचा ब्राउझर जुना आहे, वापरणं धोक्याचं आहे, नवा फुकट घ्या. आणि रोज सकाळी ताई 'नंतर' दाबायच्या. दोन-तीनदा त्यांनी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, "हे धोका धोका म्हणतात तो कसला?" डॉक्टर म्हणाले, "ताई, आपला माल गळ्यात मारायच्या युक्त्या असतात या." मलाही ते पटलं. फुकट देतो म्हणणाऱ्यावर मी जन्मात कधी विश्वास ठेवलेला नाही.

मग ते फोन सुरू झाले.

पहिला आला एका निवृत्त बस ड्रायव्हरला. ते आमच्याकडे हसत हसत आले. "अहो, तुमच्या आधी दुसऱ्यांनीच मला रिपोर्ट सांगितला! म्हणे साखर दोनशे ऐंशी, आमची पावडर घ्या. काय सेवा आहे!" पाकीट अजून ताईंच्या खणात होतं. उघडून पाहिलं तर साखर दोनशे ऐंशीच. ड्रायव्हरकाका हसायचे थांबले. पुढच्या आठवड्यात असेच दोघे आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात पाच. पावडर, काढा, गोळ्या, आणि फोन करणाऱ्याला प्रत्येकाचा आकडा तोंडपाठ.

आणि मग एका सकाळी शाळेतल्या बाई आल्या. गल्लीच्या टोकाच्या शाळेत शिकवतात, पोरं त्यांना टरकून असतात. त्या रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत, थेट काउंटरवर आल्या.

"माझ्या घरच्या फोनवर फोन आला. सासूबाईंनी घेतला. तुमच्या सुनेला संसर्गाची कावीळ आहे म्हणे, औषध आमच्याकडे मिळेल. आज माझं ताट वेगळं मांडलं. माझ्या लेकीला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. आणि मला स्वतःला तुमचं पाकीट अजून मिळालेलं नाही!" त्यांचा आवाज फाटला. "कुणाला सांगितलंत तुम्ही?"

ताईंचा चेहरा पांढराफटक झाला. "बाई, मी कुणाला सांगितलं नाही."

"मग कुणी सांगितलं? भिंतीने?"

सुईच्या खोलीच्या दारात उभी राहून मी हे पाहत होते, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एकदा ती चुकचुकली की थांबत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी विचार केला. रक्त मी काढते, पण माझ्याकडे नळीवर नुसता नंबर असतो. यंत्रांवरचे काका आकडे कागदावर लिहून देतात, तेही नंबरांपुढे. डॉक्टर सही करतात ती छापून झाल्यावर, आणि त्यांना स्वतःच्या लेकाचा फोन नंबर आठवत नाही. नाव, आकडा आणि फोन नंबर हे तिन्ही एकत्र येतात ते एकाच ठिकाणी. ताईंच्या बोटांखाली.

मी डोळ्यात तेल घालून बसले. जेवायच्या सुट्टीत ताई डबा न उघडताच जिन्याखाली जायच्या आणि हळू आवाजात फोन करायच्या. मी वरच्या पायरीवर चपला काढून उभी राहिले, तर एवढंच ऐकू आलं, "पांढरी घेतलीत? आणि पिवळी?" गोळ्या! फोनवालेही गोळ्याच विकत होते. संध्याकाळी निघताना त्यांची कापडी पिशवी फुगलेली असायची. एकदा त्या हात धुवायला गेल्या तशी मी पिशवीत डोकावले. आत रिपोर्ट होते. पंधरा-वीस तरी छापील रिपोर्ट, चुरगळून तळाशी कोंबलेले.

तरी मी लगेच बोंब मारली नाही. संशयी माणसाला पुरावा लागतो, नाहीतर तो नुसता भांडखोर ठरतो. मी एक सापळा रचला. एक खोटाच पेशंट तयार केला. नाव असं की सात पिढ्यांत कुणाचं नसेल. साखर तीनशे दहा. आणि फोन नंबर माझ्या धाकट्या भावाचा, तोही दुसरा, जो तो कुणाला देत नाही. ती चिठ्ठी अक्षर बदलून लिहिली आणि इतर चिठ्ठ्यांत सरकवून ताईंच्या हातात दिली. त्यांनी नेहमीसारखं टाइप केलं, छापलं, घड्या घातल्या, डिंक लावला. नाव, आकडा आणि फोन नंबर ही तिन्ही एकत्र जगात दोघींनाच माहीत होती, मला आणि त्यांना.

चौथ्या दिवशी भावाचा फोन. "ताई, मला साखर कधी झाली गं? एक बाई म्हणतेय तीनशे दहा आहे, पाय कापावा लागेल, आमचा काढा घ्या."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अगदी उड्या माराव्यात असा आनंद झाला. आणि मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी ताईंना आत बोलावलं आणि मलाही थांबायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, सापळा, फोन, जिन्याखालचं बोलणं, पिशवी. ताई ऐकत होत्या, हाताला लागलेला डिंक अंगठ्याने चोळत.

"पिशवीत रिपोर्ट होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"चुकीचे छापलेले असतात ते. घरी नेऊन नष्ट करते."

"इथे फाडता येत नाहीत?"

"फाडलेले तुकडे जुळवता येतात."

काय पण उत्तर, असं मला वाटलं. डॉक्टरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नाहीत ते. "ताई, तीस वर्षं झाली. मला तुम्हाला घालवायचं नाही. पण चिठ्ठीची माहिती तुम्हा दोघींनाच होती. तुमच्या बाजूने बोलणारं कुणी आहे? ज्याचं काही गुपित तुमच्याकडे होतं आणि तुम्ही ते राखलंत, असं एक माणूस सांगा. मी त्याच्याशी बोलतो."

तेव्हा ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण तसं माणूस होतं, आणि ते तिथेच उभं होतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नवरा शीतगृहांतली यंत्रं दुरुस्त करतो. तेव्हा एका दूरच्या शीतगृहाचं काम निघालं होतं आणि तो आठवड्यातले दोन-दोन दिवस तिकडेच राहायचा. माझ्या डोक्यात किडा शिरला. त्याचे खिसे तपासले, शर्टांचे वास घेतले, काही सापडलं नाही, तर काही सापडत नाही याचाच संशय आला. शेवटी मी गुपचूप स्वतःचं रक्त काढलं आणि खोट्या नावाने एचआयव्हीच्या तपासणीला पाठवलं. ती तपासणी आमच्याकडे होत नाही, बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये जाते, आणि तिकडचा निकाल येतो ताईंकडे. नाव खोटं असलं तरी सोबतच्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं. ताईंनी ते ओळखलं. चार दिवसांनी मी वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकत असताना त्या आत आल्या आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. डिंक, शिक्का, आडवी सही. एक अक्षर बोलल्या नाहीत. निकाल साफ होता. नवऱ्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याला यातलं काहीच कधी कळलं नाही. त्यानंतर सहा वर्षांत ताईंनी ना कधी विचारलं, ना कधी डोळ्यांनी सुचवलं.

आता त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

"नाही डॉक्टर," ताई म्हणाल्या. "असं कुणी नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला. आणि ऐका, मी कसली बाई आहे ते. दारातून बाहेर पडेपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की बघा, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच! ताईंनी खण रिकामा केला, किल्ल्या काउंटरवर ठेवल्या, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीत मी. सकाळी सुया, दुपारी टाइपिंग. पाकिटं चिकटवता चिकटवता बोटं एकमेकांना चिकटायची. पण छाती फुगलेली होती. लॅबमधली कीड मी शोधून काढली होती ना!

सहाव्या दिवशी तिघांना फोन आले. आठव्या दिवशी आणखी चौघांना. तोच काढा, तीच पावडर.

डॉक्टर काउंटरपाशी आले. नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. ती नजर मी ओळखली. चांगली ओळखली, कारण ती माझीच होती, महिनाभर मी ताईंकडे तशीच बघत होते. नाव, आकडा, फोन नंबर, आणि बोटं आता माझी. "डॉक्टर, देवाशप्पथ मी नाही!" मी ओरडले. आणि ओरडता ओरडता मला कळलं की ताईसुद्धा हेच बोलल्या होत्या, फक्त हळू आवाजात.

मीच हट्ट धरला म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीचा चष्मा, कपाळावर कायमची आठी. खुर्चीत बसल्या, पडद्यावरचा तो चौकोन पाहिला आणि डोक्यालाच हात लावला.

"हा ब्राउझर अजून कोण वापरतं? याच्यात भोक आहे. लपलेलं नाही, सगळ्या जगाला ठाऊक असलेलं. ज्यांनी हा बनवला त्यांनीच चार वर्षांपूर्वी जाहीर केलं आणि नव्या ब्राउझरमध्ये बुजवूनही टाकलं. तुमच्याकडे उघडंच."

"पण आम्ही कुठे काही दाबलं नाही," मी म्हणाले. "काही डाउनलोड केलं नाही."

"दाबावं लागत नाही. एखादं बिघडवलेलं पान याच्यात नुसतं उघडलं की त्या भोकातून आत शिरतं, आणि मग इथे जे जे टाइप होईल ते बाहेर पाठवत बसतं. टाइप कुणी का करेना." त्या अर्धा तास काय काय उघडत आणि पुटपुटत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बघा. दोन महिन्यांपूर्वीचा सोमवार, दुपारी दीड. रक्ताच्या नळ्या विकणाऱ्यांची वेबसाइट. तिच्यातच कुणीतरी घाण करून ठेवलीय, त्या बिचाऱ्यांनाही पत्ता नसेल."

सोमवारी दुपारी नळ्या मी मागवायचे. ताई जिन्याखाली फोन करायला गेल्या की त्यांच्या खुर्चीत बसून.

डॉक्टर भिंतीला टेकले. मला वाटलं आता ते माझ्यावर तोंडसुख घेतील. पण ते एवढंच म्हणाले, "ताईंनी मला तीनदा विचारलं होतं. मी हसून उडवून लावलं." मग माझ्याकडे वळले. "आळ तू घेतलास. आणायला तूच जा."

ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता धूसरच दिसतं म्हणून हाताने चाचपून माणूस ओळखतात. माझं मनगट धरून म्हणाले, "ही नवीन आहे." आतून ताईंचा आवाज आला, "बाबा, पांढरी घेतलीत? आणि पिवळी?" जिन्याखालच्या गोळ्यांचं कोडं तिथल्या तिथे सुटलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोरीत एक बादली होती. तिच्यात राखाडी लगदा. ताई तो काठीने ढवळत होत्या. चुकीचे छापलेले रिपोर्ट, फाडून, भिजवून, एक अक्षर वाचता येणार नाही असे करून मगच टाकायचे. लॅबमधून आणलेले शेवटचे होते ते. नोकरी गेली तरी काम पुरं करत होत्या.

मी सगळं सांगितलं. भोक, नळ्या, सोमवार. त्या काठी न थांबवता ऐकत होत्या.

"शाळेतल्या बाईंना कुणी सांगितलं का हे?" त्यांनी पहिलं विचारलं.

"अजून नाही. ताई, तुम्ही त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत? एका वाक्यात सुटला असतात."

"काय सांगायचं? हिचं गुपित मी राखलं म्हणून मला ठेवा? मग राखलं कुठे?"

ताईंनी काठी बादलीवर झटकून बाजूला ठेवली.

"एक विचारू? त्या संगणकवाल्या बाई आल्या नसत्या तर तू बोलली असतीस?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," मी म्हणाले.

"खरं बोललीस ते बरं केलंस. 'हो' म्हणाली असतीस तर मी तुला बाहेर काढलं असतं." मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "उद्या येते. आज बाबांना डोळे दाखवायला न्यायचंय."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. नवा ब्राउझर आला होता, जुना प्रोग्रॅम गेला होता, नवा येईपर्यंत रिपोर्ट हातानेच लिहायचे होते. मला वाटलं, झालं, सगळं सुरळीत. कसलं काय! नऊ वाजता शाळेतल्या बाई कावीळ उतरली का ते बघायला पुन्हा रक्त द्यायला आल्या. काउंटरवर ताईंना पाहिलं आणि जागीच थांबल्या.

"या परत इथे?"

डॉक्टर बाहेर आले, त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ब्राउझर, भोक, वेबसाइट. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे संगणकानेच फोन केला म्हणायचं!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "जुनी बाई आहे, डॉक्टर पाठीशी घालतायत, दुसरं काय." शाळेतल्या बाईंनी पर्स खांद्याला लावली. "जिथे या बसतात तिथे मी रक्त देणार नाही. माझं घर मोडायची वेळ आलीय यांच्यापायी." त्या वळल्या. त्यांच्यामागे आणखी तिघं-चौघं उठली.

ताईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "डॉक्टर, मी जाते," त्या म्हणाल्या. "तुमची लॅब चालायला हवी." आणि पिशवी उचलली.

माझ्या हातात रबरी मोजे होते, आत एकाचा दंड बांधून ठेवला होता. मी तशीच बाहेर आले.

"थांबा! सगळे थांबा! यांच्यावर आळ घेतला तो मी. आता माझं ऐकून मग कुठे जायचं तिकडे जा." आवाज थरथरत होता, थरथरू दे म्हटलं. "सहा वर्षांपूर्वी मला वाटलं, माझा नवरा बाहेर शेण खातोय. खात नव्हता. पण मला वाटलं. म्हणून मी चोरून, खोट्या नावाने, माझं स्वतःचं रक्त एचआयव्हीसाठी तपासून घेतलं. तो निकाल या बाईंच्या हातात आला. सहा वर्षं झाली! माझ्या नवऱ्याला आजतागायत माहीत नाही, डॉक्टरांना आत्ता कळतंय. आणि ज्या दिवशी मी यांना चोर ठरवलं, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या बाजूने बोलणारं कुणी आहे का? मी दोन हात अंतरावर उभी होते. या म्हणाल्या, कुणी नाही. नोकरी सोडली, पण माझं नाव नाही घेतलं. यांनी तुमची कावीळ सांगितली म्हणता? मी या बाईंना ओळखते. मला तर हे आधीपासूनच माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसले!"

शाळेतल्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मग ताईंकडे. मग त्या परत आल्या आणि बाकावर बसल्या.

"किती नंबर आहे माझा?" त्यांनी विचारलं.

"तेरा," ताई म्हणाल्या. "अकरा आत आहे." त्यांचे डोळे भरले होते. मी जवळून गेले तेव्हा फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं मूर्ख, हे सांगायची काय गरज होती?"

गरज होती. पण आता माझं काय? तिसऱ्या बाकावर आमच्याच गल्लीतला इस्त्रीवाला बसला होता, तोंडाचा आ वासून. म्हणजे दुपारपर्यंत घरोघर. नवऱ्याला हे दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत मला सांगायला हवं होतं. अकरा, बारा, तेरा नंबरचं रक्त काढलं, तिघांना कापूस लावून दिला आणि यंत्रांच्या खोलीत जाऊन त्याला फोन लावला. तो कामावर होता, मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. मी एका दमात सगळं सांगितलं. खिसे तपासले तेही, शर्ट हुंगले तेही.

मग त्याने ते यंत्र बंद केलं असावं, कारण पलीकडे एकदम शांत झालं.

"निकाल काय होता?" त्याने विचारलं.

"साफ होता."

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं."

तो फोन ठेवेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने ठेवला नाही. मीही ठेवला नाही.